मुलगी झाली, ‘च’ नाही : ८ सप्टेंबरच्या सणाची गोष्ट

रेडिओवरचं हे बोलणं ऐकून काही गटांनी ‘छापून द्या, बैठकीत वाचू’ असा निरोप धाडला, म्हणून ते इथे देतो आहोत. बोललो तसंच ठेवलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. एकीची लेक बाळंतीण झाल्याचं आम्हाला आधीच कळलं होतं. त्या माउली आल्या, हप्ता भरला, आणि गुपचूप कोपऱ्यात बसल्या. कुणीतरी विचारलं, ‘‘काय हो, काय झालं लेकीला?’’ त्या खाली बघून म्हणाल्या, ‘‘मुलगीच झाली. दुसरी.’’ मग आम्हीही सवयीनं म्हणून गेलो, ‘‘असू दे, लक्ष्मी आली.’’ पण आमच्या आवाजात आनंद नव्हता, समजूत होती. पहिली बेटी धनाची पेटी म्हणतो आपण. दुसरीसाठी म्हण केलेली नाही.

आमच्या गटात एक नर्सबाई आहेत. नोकरीत असताना त्यांनी शेकडो बाळंतपणं केली, आता निवृत्त आहेत. त्या ख्रिस्ती. सगळं ऐकून घेतल्यावर त्या एवढंच बोलल्या, ‘‘मुलगी झाली म्हणा. त्यातला तो ‘च’ काढून टाका. आणि ८ सप्टेंबरला सगळ्या जणी आमच्या घरी या. मुलगी जन्मली म्हणून आमच्याकडे त्या दिवशी सण असतो.’’

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मुलगी जन्मली म्हणून सण! आपल्याकडे देवीचे उत्सव पुष्कळ. नवरात्र आहे, गौरी आहेत. पण जन्माचा उत्सव म्हटला, पाळणा म्हटला, की रामनवमी, गोकुळाष्टमी, हनुमान जयंती, दत्तजयंती हीच नावं तोंडावर येतात. उत्तरेकडे भाद्रपदात राधाष्टमी करतात, ती आपल्या वाड्यांपर्यंत फारशी पोचलेली नाही. अलीकडे १२ जानेवारीला जिजाऊंची आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती करतो, ती चांगलीच गोष्ट. म्हणून या ८ सप्टेंबरच्या सणाबद्दल आम्ही नर्सबाईंना खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलं, आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

हा सण म्हणजे पवित्र मरिया मातेचा जन्मोत्सव. मरिया म्हणजे येशू ख्रिस्ताची आई. कॅथलिक ख्रिस्ती लोक वर्षभर अनेक संतांचे दिवस पाळतात, पण ते बहुतेक त्या संताच्या मृत्यूचे दिवस असतात. संत देवाघरी गेला तो दिवस मोठा, असं त्यांच्यात मानतात. जन्माचे दिवस त्यांच्या पंचांगात तीनच. २५ डिसेंबरला येशूचा, म्हणजे नाताळ. २४ जूनला योहान बाप्तिस्ता याचा, ज्याला गोव्यात सांजाव म्हणतात. आणि ८ सप्टेंबरला मरियेचा. तिघांतली ही एकटी मुलगी. याच्या बरोबर नऊ महिने आधी, ८ डिसेंबरला, मरिया आईच्या पोटात राहिली त्याचा सण असतो. दिवस मोजणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब लगेच कळेल.

सगळेच ख्रिस्ती हा सण करतात असं मात्र नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये मरियेला येशूची आई म्हणून मान आहे, पण त्यातल्या बहुतेक तिच्या जन्माचा सण पाळत नाहीत. त्यामुळे तुमच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईला या सणाचं फारसं काही वाटलं नाही, तर नवल करू नका.

आता मरियेच्या जन्माची गोष्ट. बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत ती नाही. ती येते ‘याकोबाचं आद्य शुभवर्तमान’ नावाच्या दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या पुस्तकात. हे पुस्तक बायबलमध्ये घेतलेलं नाही, पण त्यातली कथा लोकांनी जवळजवळ अठराशे वर्षं जपली. ती आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

योआकिम नावाचा एक सधन माणूस होता. मेंढरांचे कळप होते, दानधर्म मोठा होता. त्याच्या बायकोचं नाव अ‍ॅना. दोघांना मूल नव्हतं. एकदा मोठ्या सणाला योआकिम देवळात अर्पण घेऊन गेला, तेव्हा एकानं त्याला सगळ्यांदेखत अडवलं. तुला मूलबाळ नाही, तू आमच्या आधी अर्पण कसं करतोस, असं म्हणाला. योआकिमच्या जिव्हारी लागलं. तो घरी गेलाच नाही. कळप घेऊन रानात निघून गेला आणि चाळीस दिवस उपास करून राहिला.

इकडे घरी अ‍ॅना. नवरा सांगून गेलेला नाही, परत येईल की नाही ठाऊक नाही. दोन दुःखं एकदम अंगावर आली, मूल नाही आणि नवराही गेला. त्यात घरातली दासीसुद्धा तिला टोचून बोलली. अ‍ॅना बागेत जाऊन एका झाडाखाली बसली. वर बघते तर फांदीवर चिमण्यांचं घरटं. ती रडायला लागली. पाखरांना पिलं आहेत, जनावरांना आहेत, ही जमीनसुद्धा हंगामाला पिकते, मग मीच कशी अशी, असं म्हणून रडली.

मैत्रिणींनो, इथे आम्ही वाचता वाचता थांबलो. आमच्या वाडीत अशी अ‍ॅना आहे, तुमच्याही असेल. हळदीकुंकवाला जिला बोलावतो, पण ओटी भरताना जिच्यासमोर आपला हात अडखळतो. डोहाळजेवणाला जिला मागच्या रांगेत बसवतो. तिच्यासाठी एक घाणेरडा शब्द आपल्या भाषेत आहे, तो आम्ही इथे उच्चारत नाही. हा सण त्या बाईच्या रडण्यापासून सुरू होतो.

पुढे कथा सांगते की देवदूत आला, तुला मूल होईल म्हणाला. त्यावर अ‍ॅनानं जे वचन दिलं ते नीट ऐका. मुलगा होवो की मुलगी होवो, ते मूल मी देवाला वाहीन, असं ती म्हणाली. ‘मुलगा दे’ असं तिनं मागितलंच नाही. मग योआकिम कळप घेऊन परत येताना दिसला, तेव्हा ती दारात उभी होती, धावत गेली आणि त्याच्या गळ्यात पडली. आपण ऐकलेल्या गोष्टींत सहसा नवरा दुसरी बायको करतो. इथे तसं होत नाही.

दिवस भरले. बाळंतपण झालं. अ‍ॅनानं सुईणीला विचारलं, काय झालं? सुईण म्हणाली, मुलगी. हे ऐकून अ‍ॅना म्हणाली की आज माझ्या जिवाचा मान वाढला. बाळ वर्षाचं झालं तेव्हा योआकिमनं मोठी मेजवानी घातली, गावातल्या थोरामोठ्यांना बोलावलं. एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला! ज्यांच्यापुढे त्याची मान खाली गेली होती, त्यांच्यापुढेच त्यानं लेकीला आणलं.

नर्सबाई म्हणाल्या, ‘‘मी आयुष्यभर सुईणीचंच काम केलं. मुलगी झाली असं सांगितल्यावर किती जणींनी भिंतीकडे तोंड फिरवलेलं मी पाहिलंय. त्या प्रत्येक वेळी मला अ‍ॅना आठवायची.’’

हीच गोष्ट आपल्या चिपळूणच्या मुसलमान मैत्रिणींकडेही आहे, थोडी वेगळी. कुराणातल्या तिसऱ्या अध्यायात मरियमच्या आईची हकीकत येते. पोटातलं बाळ देवाच्या सेवेला देण्याचा तिनं नवस केला होता. जन्मली मुलगी. तिनं देवाला तसं सांगितलं, मुलीचं नाव मरियम ठेवलं, आणि देवानं त्या मुलीचा छान स्वीकार केला. कुराणाचा एकोणिसावा अध्याय मरियमच्याच नावाचा आहे. अख्ख्या कुराणात नावानिशी उल्लेख असलेली बाई ती एकटी. मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलींचं नाव मरियम का असतं, ते आता कळलं ना?

सणाच्या दिवशी चर्चमध्ये जे वाचतात तेही सांगण्यासारखं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, अशी बापांची आणि मुलग्यांची लांबलचक यादी. आपल्या भाऊबंदकीच्या वंशावळीसारखीच. पण मध्येच त्यात बायका येतात. तामार, राहाब, रूथ, आणि उरियाची बायको, जिचं नाव यादीतसुद्धा दिलेलं नाही. पाचवी मरिया. यातली तामार ही सासरच्यांनी फसवलेली विधवा. रूथ ही परमुलखातून आलेली विधवा, म्हाताऱ्या सासूला जगवायला दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. कापणीनंतर पडलेली कणसं वेचून पोट भरणं काय असतं हे आपल्या आज्या जाणत होत्या. त्या सरवा वेचणाऱ्या बाईचं नाव राजघराण्याच्या वंशावळीत आलं आहे. आपल्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, हे मात्र आपण घरी जाऊन बघायचं.

कणसाचा विषय निघाला, तर सणाची दुसरी बाजू सांगायला हवी. मरियेच्या जन्माचा हा दिवस पहिल्यांदा जेरुसलेमकडे पाळायला लागले. तिचा जन्म जिथे झाला असं मानतात, तिथे आजही अ‍ॅनाच्या नावाचं चर्च उभं आहे. तिथून सातव्या शतकापर्यंत तो रोमला पोचला. आणि आपल्या किनाऱ्यावर आल्यावर तो भाताच्या हंगामात मिसळून गेला. भादव्यात आपलं हळवं भात निसवून दाणा धरतं, नेमकी तीच वेळ.

मंगळूरकडच्या कोकणी ख्रिस्ती घरांत याला मोंती फेस्त म्हणतात. तिकडच्या फरंगीपेठ इथल्या मोंते मारियानो चर्चवरून हे नाव पडलं. आधी नऊ दिवस मुलं रोज टोपलीत फुलं घेऊन चर्चला जातात आणि बाळ मरियेच्या मूर्तीवर वाहतात. परसातली, बांधावरची, जी मिळतील ती फुलं. आपण रामनवमीला पाळण्यावर फुलं टाकतो तसंच, फक्त इथे पाळण्यात मुलगी. सणाच्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद देतात आणि घरटी वाटतात. मुलांच्या हातात ऊस देतात. घरी त्या लोंब्या देव्हाऱ्यापुढे ठेवतात, प्रार्थना होते, मग चार दाणे सोलून दुधात किंवा नारळाच्या रसात घालतात. घरातलं वडीलधारं माणूस ते सगळ्यांना देतं. याला म्हणतात ‘नवें’. त्या दिवशीचं जेवण शाकाहारी, केळीच्या पानावर, आणि भाज्यांची संख्या विषम, तीन, पाच, सात अशी. मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नाही त्या घरांतसुद्धा! जे कामाला परगावी असतात, त्यांच्यासाठी नव्याचे दाणे पाकिटात घालून पोस्टानं धाडायची पद्धत होती. आपण चाकरमान्यांसाठी डबा बांधतो, तीच माया.

गोव्यात कणसाचं फेस्त ऑगस्टमध्येच होतं, राय गावात ५ तारखेला आणि ताळगावात २१ तारखेला. मुंबईचे मूळचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ज्यांची घरची बोली मराठीच, ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. त्यातही नव्या भाताला आशीर्वाद. आणि आपण? आपण नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, झेंडूचं फूल एकत्र बांधून दाराला नवं बांधतो. गणपतीत गौर आणतो तेव्हा तिलाही माहेरवाशीण म्हणतो, तेरड्याची फुलं लावतो. पेरलं ते उगवलं, आधी देवाला दाखवू, मग खाऊ, ही रीत या किनाऱ्याची आहे. देव ज्याचा त्याचा.

हा सण मोठ्या गर्दीनं बघायचा तर वांद्र्याला. चिपळूणच्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी मुंबईला आहे, त्यामुळे माउंट मेरीची जत्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असेल. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून ती आठवडाभर चालते, आणि ८ तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी सुरू होते. टेकडीवरच्या या देवीला कोळी आणि जुने मुंबईकर ‘मोत माउली’ म्हणतात. मोत म्हणजे मोती असं काही जण सांगतात, तर काही म्हणतात की पोर्तुगीज भाषेत डोंगराला ‘मोंत’ म्हणतात त्यावरून ते आलं. आत्ताची इमारत १९०४ सालची, पण देवस्थान त्याहून फार जुनं. समुद्रात हरवलेली मूर्ती एका कोळ्याला सापडल्याची कथा तिथले लोक सांगतात. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे तिथे जातात.

चर्चच्या वाटेवर मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. मेणाचा पाय, मेणाचा हात, मेणाचं घर. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते घेऊन वाहायचं. त्यात सगळ्यात जास्त नजर खिळते ती मेणाच्या बाळांवर. आमच्यातल्या एकीनं काही वर्षांपूर्वी तिथून असंच एक बाळ घेतलं होतं. ती सांगते, ‘‘दुकानदारानं विचारलं नाही मुलगा की मुलगी. मेणाचं बाळ नुसतं बाळ असतं. मला तेव्हा फार बरं वाटलं.’’

नवस करणं न करणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण नवसाबरोबर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवू. पहिली, मूल होत नसेल तर तपासणी दोघांची करायची. दोष नवऱ्यातही असू शकतो, बायकोतही, कधी दोघांतही, कधी कारण सापडतही नाही. जुन्या कथेत टोमणा आधी योआकिमला बसला, आपल्याकडे तो फक्त सुनेला बसतो. दुसरी, मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या पेशीवर ठरतं. आईकडून नेहमी एक्स येतो, बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे ‘हिनं मुलीच दिल्या’ हे बोलणं शास्त्रानंही खोटं आहे. आणि पोटातलं बाळ काय आहे हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

कुणी म्हणेल, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्नच नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. पण या आकड्यानं फसू नका. आपले पुरुष कमवायला मुंबईला गेलेले, म्हणून तो वाढलेला दिसतो. खरी गोष्ट लहान मुलांच्या मोजणीत कळते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८९४. उरलेल्या कुठे गेल्या, हे आपण बायकांनी एकमेकींना विचारायला हवं.

तर मैत्रिणींनो, ८ सप्टेंबरला आम्ही नर्सबाईंकडे गेलो. जाताना प्रत्येकीनं परसातली फुलं नेली. कुणाकडे जास्वंद, कुणाकडे तेरडा, कुणाकडे अनंत. त्यांच्याकडे बाळ मरियेची वीतभर मूर्ती होती, तिच्यापुढे ठेवली. त्यांनी प्रार्थना म्हटली, आम्ही हात जोडून उभ्या राहिलो. खोबऱ्याच्या रसातले भाताचे दाणे तळहातावर मिळाले. त्या कोपऱ्यात बसणाऱ्या माउलीही आल्या होत्या, आणि लेकीला, नातीला घेऊन आल्या होत्या. नर्सबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, ‘‘काय झालं हो तुमच्या लेकीला?’’ माउली जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘मुलगी झाली.’’ आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या बैठकीला त्यांनी पेढे आणले. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा भेद आमच्या गटानं त्या दिवसापासून मोडला. आम्ही आणखी ठरवलं की गटातल्या कुणाच्याही घरी मुलगी जन्मली की सगळ्या जणी फुलं घेऊन बारशाला जायचं, दुसरी असो, तिसरी असो. हळदीकुंकवाला ओटी भरताना मूल आहे की नाही हे बघायचं नाही. आणि जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत झाली का, हे गटानं विचारायचं. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी सरकारची ‘लेक लाडकी’ योजना आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरांना त्यातून टप्प्याटप्प्यानं, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत, एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. अटी आणि अर्ज अंगणवाडीताईंकडून समजून घ्या.

तुमच्या गावात ख्रिस्ती घर असेल तर येत्या ८ सप्टेंबरला दोन फुलं घेऊन जा, सणाच्या शुभेच्छा द्या. घर नसेल तर आपल्याच वाडीत जिथे मुलगी जन्मली आहे त्या घरी जा. आणि ‘काय झालं’ असं कुणी विचारलं, तर उत्तर देताना तो एवढासा ‘च’ तेवढा गाळा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.